काकांच्या पायातली सळी

पेणला काकांकडे गेलो की कपाटावरची एक्स-रेची पिशवी एकदा तरी खाली येते. आलेल्या पाहुण्याला ती दाखवल्याशिवाय काकांना चैन पडत नाही. खिडकीच्या उजेडात फिल्म धरायची आणि म्हणायचं, "ही बघ आपली चासी." नडगीच्या हाडाच्या आत, गुडघ्यापासून घोट्याच्या जरा वरपर्यंत, एक पांढरीशुभ्र सळी दिसते. पहिल्या फिल्ममध्ये वर दोन आणि खाली दोन असे चार आडवे स्क्रू आहेत. काही महिन्यांनंतरच्या फिल्ममध्ये मात्र तीनच. चौथा स्क्रू डॉक्टरांनी मुद्दाम काढला होता, आणि तो काढल्यावरच हाड जुळलं!

यावेळी विषय निघाला तो वेगळ्या कारणानं. काका आता निवृत्त झालेत. देवपूजेला गुडघा टेकवला की गुडघ्याच्या पुढच्या बाजूला दुखतं. काकूंचं म्हणणं, "दहा वर्षं झाली, आता ते लोखंड काढून टाका." काकांचं म्हणणं, "चालू गाडी कशाला खोलायची?" मग दोघांनी माझ्याकडे बघितलं. घरात एक इंजिनिअर असला की फ्रीजपासून फ्रॅक्चरपर्यंत सगळं त्यालाच विचारतात. मी म्हटलं वाचून सांगतो. दोन-तीन वीकांत त्यात गेले. काढायची की नाही याचं उत्तर पाच मिनिटांत मिळालं, पण ती सळी तिथवर पोचली कशी याची गोष्ट बरीच लांबची निघाली. तीच आज लिहितोय.

आधी अपघाताविषयी. रामवाडी म्हणजे पेणला लागून असलेलं, मुंबई-गोवा महामार्गावरचं ठिकाण. एसटीच्या रायगड विभागाचं कार्यालय इथलंच. काका एसटीत मेकॅनिक होते. २०१५ च्या जुलैमध्ये ड्यूटी संपवून रस्ता ओलांडताना एका मोटारसायकलनं त्यांना उडवलं. नडगीचं हाड मधोमध मोडलं आणि त्याचं टोक कातडी फाडून बाहेर आलं. पावसाचे दिवस, रस्ता रुंदीकरणासाठी खणलेला, जखमेत चिखल. आजूबाजूच्या लोकांनी क्रेटची एक फळी पायाला लावून गमछ्यानं बांधली आणि टेम्पोत घालून काकांना पेणमधल्या एका डॉक्टरांकडे नेलं. तिथे जखम सलाईननं धुतली, इंजेक्शनं दिली, कच्चं प्लास्टर घातलं आणि नवी मुंबईला पाठवलं. त्याच रात्री ऑपरेशन झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टर येऊन म्हणाले, "गुडघा वाकवा बघू." काकांना वाटलं, हा माणूस चेष्टा करतोय.

आजीला तर हे पटणंच शक्य नव्हतं. तिच्या भावाचा, म्हणजे आमच्या बापूमामांचा पाय तरुणपणी असाच मोडला होता. हाडवैद्यानं बांबूच्या पट्ट्या आणि लेप लावून तीन महिने झोपवून ठेवलं. हाड जुळलं, पण पाय दीडेक इंच आखूड राहिला. बापूमामा जन्मभर लंगडत चालले. एकाच घरात एकाच हाडाच्या दोन गोष्टी, आणि शेवट इतके वेगळे. मधल्या काळात असं काय बदललं?

सुरुवात सुश्रुतापासून करायला हवी. अभिमान म्हणून नव्हे, तर त्यानं प्रश्न अगदी नेमका मांडलाय म्हणून. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात हाड मोडण्याचे बारा प्रकार आणि सांधा निखळण्याचे सहा प्रकार सांगितलेत. चिकित्सास्थानात उपचार आहेत : हाड ओढून सरळ करा, दाबून जागेवर बसवा, वड, पिंपळ, उंबर, पळस अशा झाडांच्या साली किंवा बांबूच्या पट्ट्या लावून बांधा. बांधणं सैल झालं तर हाड स्थिर राहत नाही आणि फार घट्ट झालं तर सूज येते, वेदना होतात, कातडी पिकते, म्हणून मध्यम बांधा. पट्टी थंडीत सात दिवसांनी बदला, साधारण ऋतूत पाच आणि उन्हाळ्यात तीन दिवसांनी. म्हणजे मेंटेनन्स शेड्यूलसकट सगळं! फार घट्ट पट्टीचा इशारा तर आजही शंभर टक्के लागू आहे. मोडलेल्या पायात सूज वाढत असते. त्यावर करकचून बांधलं की आतला रक्तपुरवठा तुटतो आणि साधं फ्रॅक्चर असूनही पाय कापायची वेळ येते.

मला सर्वात आवडलं ते 'कपाटशयन'. मांडी किंवा जंघा मोडली तर रोग्याला फळीवर झोपवायचं आणि फळीला पाच खुंट्या ठोकायच्या. सांध्यांच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन आणि तळपायाशी एक. (संस्कृतातली जंघा म्हणजे गुडघ्याखालचा पाय, आपली जांघ नव्हे. मी आधी चुकीचाच अर्थ घेऊन बसलो होतो.) खुंटीला तिथे शब्द आहे 'कील'. आपला खिळा. आता गंमत बघा. काकांच्या पायातल्या सळीला डॉक्टर 'नेल' म्हणतात, म्हणजे पुन्हा खिळाच. सुश्रुतानं खिळे पायाच्या बाहेर ठोकले, आज खिळा हाडाच्या आत ठोकतात. उद्देश तोच : मोडलेली टोकं हलू द्यायची नाहीत. फरक एवढाच, की सुश्रुताच्या खिळ्यांनी हाडाबरोबर माणूसही फळीला जखडला जायचा.

खिळा बाहेरून आत जायला एवढा काळ का लागला? कारण मधे कातडी होती. कातडी फाटली की खेळ संपला, असंच बहुतेक सगळा इतिहास सांगतो.

मराठ्यांच्या इतिहासातला सर्वात प्रसिद्ध जखमी पाय म्हणजे महादजी शिंद्यांचा. १४ जानेवारी १७६१, पानिपत. पळताना एका अफगाण स्वारानं पाठलाग करून त्यांच्या गुडघ्याजवळ घाव घातला. राणेखान नावाच्या भिस्त्यानं त्यांना उचलून आपल्या बैलावर घातलं आणि दक्षिणेकडे आणलं. जीव वाचला, पाय मात्र कायमचा अधू झाला. त्याच अधू पायानं महादजींनी पुढे उत्तर हिंदुस्तानात मराठ्यांची सत्ता पुन्हा उभी केली, १७७२ मध्ये शाह आलमला दिल्लीच्या तख्तावर परत आणून बसवलं. राणेखानाला ते विसरले नाहीत, त्याला भाऊ मानून सरदारकी दिली. वानवडीची शिंदे छत्री पाहिली असेल तर तेच हे महादजी. मी शाळेत हे वाचलं तेव्हा 'अधू झाला' हा शब्द दुःखाचा वाटला होता. आता वाटतं, त्या काळात एवढ्या जखमेनंतर अधू पायानिशी तेहतीस वर्षं जगणं हीच मोठी गोष्ट होती.

त्याच्या पाचच वर्षं आधी, १७५६ मध्ये, लंडनमध्ये पर्सिव्हल पॉट नावाचा नावाजलेला सर्जन घोड्यावरून पडला. पायाचं हाड मोडून कातडीबाहेर आलं. पठ्ठ्यानं काय करावं? कोणालाही हात लावू दिला नाही. थंडीत रस्त्यावर पडून राहिला, माणूस पाठवून एक दरवाजा विकत आणवला, त्याला दांडे ठोकून घेतले आणि त्यावर झोपून घरी गेला. धक्क्यांनी हाडाचं टोक अजून मांस फाडेल हे त्याला माहीत होतं. घरी जमलेल्या सर्जनांनी पाय कापायचं ठरवलं होतं, हत्यारंही तयार होती. तेवढ्यात त्याचे जुने गुरू आले, त्यांनी पाय बघितला आणि वाचवून बघू म्हणाले. पाय वाचला. नशीब, गुरू आणि दरवाजा, तिन्ही हवं होतं. कारण हाड बाहेर आलं की पाय कापायचा हाच तेव्हाचा नियम होता, आणि तो क्रूरपणातून आलेला नव्हता. न कापलेल्या पायात पू होऊन रोगी मरायचा, हा अनुभव होता.

यात नडगीचं हाड विशेष बदनाम. आत्ता वाचता वाचता आपल्या नडगीवरून बोट फिरवून बघा. पुढच्या आतल्या बाजूला कातडी आणि लगेच हाड, मधे स्नायूच नाही. मांडीच्या हाडाला चहूबाजूंनी मांसाची गादी आहे, नडगी मात्र एका बाजूनं उघडी. त्यामुळे मोडली की टोक पटकन बाहेर येतं. शिवाय हाडाला रक्त बऱ्याच अंशी भोवतालच्या स्नायूंतून मिळतं, आणि जिथे स्नायू कमी तिथे हाड जुळायला वेळ लागतो. नडगीचा खालचा एक तृतीयांश भाग तर यासाठी कुप्रसिद्ध आहे.

कोंडी फुटली तीही नडगीच्या हाडावरच. १२ ऑगस्ट १८६५, ग्लासगो. जेम्स ग्रीनलीज नावाचा अकरा वर्षांचा मुलगा. गाडीचं चाक पायावरून गेलं, नडगी मोडली, जखम उघडी. जोसेफ लिस्टर यांनी पाय कापला नाही. कार्बोलिक ॲसिडमध्ये भिजवलेल्या कापडानं जखम झाकली, खपच्या लावल्या आणि वाट बघितली. चार दिवसांनी पट्टी काढली तर पू नाही. सहा आठवड्यांत हाड जुळलं आणि पोरगं चालायला लागलं. पाश्चरचं जंतूंवरचं काम लिस्टर यांनी वाचलं होतं, त्यावरून हे सुचलं. आपल्या केसेस त्यांनी १८६७ मध्ये प्रसिद्ध केल्या. पुढे १८७७ मध्ये लंडनला त्यांनी याहून धाडसी गोष्ट केली : कातडी न फाटलेली, आत मोडलेली गुडघ्याची वाटी स्वतः कातडी उघडून चांदीच्या तारेनं बांधली. आधी जे टाळण्यासाठी सगळी धडपड चालायची, ते त्यांनी आपणहून केलं. कातडीची भिंत ओलांडली ती इथे.

दरम्यान बाहेरून धरण्याची पद्धतही सुधारत होती. १८५२ च्या सुमारास अँटोनियस मॅथिसेन या डच लष्करी डॉक्टरनं कापडाच्या पट्टीत प्लास्टर ऑफ पॅरिसची पूड चोळून ती ओली करून गुंडाळायची युक्ती काढली. पेणच्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको. गणपतीच्या कारखान्यांत मूर्ती ओततात तीच ही पीओपी. जिप्सम तापवलं की त्यातलं बरंचसं पाणी उडून पूड उरते. पाणी घातलं की ती पुन्हा दगड होते आणि होताना गरम होते. काकांना कच्चं प्लास्टर घातलं तेव्हा पाय गरम लागला म्हणून ते घाबरले होते. मी सांगितलं, "अहो, गणपतीचा साचाही असाच तापतो." तेवढ्यात जरा हसले.

प्लास्टर हे फार मोठं काम होतं, आणि साध्या न सरकलेल्या फ्रॅक्चरला ते आजही पुरतं. पण त्याची अडचण अशी, की हाडाची टोकं धरायची तर वरचा आणि खालचा असे दोन्ही सांधे जखडावे लागतात. तीन-चार महिने गुडघा आणि घोटा बंद. प्लास्टर काढलं की पोटरी काडीसारखी झालेली आणि गुडघा आखडलेला. शिवाय सूज उतरली की प्लास्टर आत सैल होतं, तिरकं मोडलेलं हाड त्यात हळूच सरकतं आणि पाय आखूड होतो. बापूमामांचं बहुधा हेच झालं असणार. हाडवैद्याच्या पट्ट्या असोत की दवाखान्यातलं प्लास्टर, बाहेरून धरलेलं तिरकं हाड सरकू शकतं.

मग आत धरायचं. १८८६ मध्ये हॅम्बुर्गचे कार्ल हान्समान यांनी धातूची पट्टी स्क्रूनं हाडाला जोडल्याचं प्रसिद्ध केलं. १८९५ मध्ये राँटगेनचे क्ष-किरण आले आणि आत काय झालंय ते न उघडता दिसायला लागलं. लंडनचे आर्बथनॉट लेन आणि बेल्जियमचे आल्बिन लांबोट यांनी प्लेटांची ऑपरेशनं पद्धतशीर केली. लेन तर जखमेला हात लागू नये म्हणून खास लांब दांड्यांची हत्यारं वापरत. पण पोलाद शरीरात गंजायचं, स्क्रू सैल व्हायचे, पू व्हायचा. शरीराच्या खारट पाण्यात टिकणारे मिश्रधातू रुळायला पुढची काही दशकं जावी लागली. काकांचं सगळं आयुष्य गंजलेल्या नटबोल्टांशी झगडण्यात गेलं, त्यांना हा भाग लगेच कळला.

आता येतो आपला खिळा. नोव्हेंबर १९३९, जर्मनीतलं कील शहर. (शहराचं नावही कील! योगायोगच, पण लिहिल्याशिवाय राहवेना.) गेरहार्ड क्युंचर यांनी मांडीच्या मोडलेल्या हाडात, टोकाकडून छोटं भोक पाडून, मधल्या मगजाच्या पोकळीत लांब पोलादी सळी ठोकली. मोडलेली जागा उघडलीच नाही. १९४० मध्ये बर्लिनच्या परिषदेत त्यांनी हे मांडलं तेव्हा कडाडून विरोध झाला. हाडाच्या मगजात लोखंड? हाड मरेल, चरबीच्या गाठी फुफ्फुसात जातील. पण युद्ध सुरू होतं, आणि जखमी सैनिक महिनोन् महिने वजनं लटकवून झोपवायला जागा नव्हती. जर्मनांच्या कैदेतून सुटलेले दोस्त राष्ट्रांचे काही सैनिक घरी परतले तेव्हा त्यांच्या एक्स-रेत मांडीच्या हाडात लांब सळी दिसली. आणि हे सैनिक चक्क चालत होते! तिकडचे डॉक्टर चक्रावले.

इंजिनिअर म्हणून बघितलं तर ही कल्पना फार सुंदर आहे. प्लेट हाडाच्या एका बाजूला बसते, त्यामुळे भार पडला की वाकते. सळी हाडाच्या मधोमध, भाराच्या रेषेतच असते. मोडलेली जागा उघडत नाही, त्यामुळे तिथे साठलेलं रक्त, ज्यातून नवं हाड बनायला सुरुवात होते, ते जागच्या जागी राहतं.

पण नडगीत अडचणी होत्या. मांडीच्या हाडात वरून सरळ शिरता येतं. नडगीच्या वर तर गुडघा बसलाय. सळी गुडघ्याच्या खाली, पुढून तिरकी घालावी लागते. म्हणून १९५० च्या दशकात हर्झोग या जर्मन डॉक्टरनं सळीला वरच्या बाजूला थोडा बाक दिला. काकांच्या एक्स-रेत तो बाक स्पष्ट दिसतो. दुसरी अडचण : नडगीची पोकळी मधे अरुंद आणि दोन्ही टोकांना नरसाळ्यासारखी रुंद. टोकाजवळ मोडलं तर सळी आत डुगडुगते आणि हाड तिच्याभोवती फिरतं किंवा तिच्यावरून खाली घसरतं. यावर तोडगा म्हणजे सळीला वर-खाली भोकं ठेवायची आणि हाडातून आरपार स्क्रू घालून सळी हाडालाच पिनअप करायची. क्युंचर यांनीच ती दिशा दाखवली होती. १९७० च्या दशकात जर्मनीत क्लेम आणि शेलमान, फ्रान्समध्ये स्ट्रासबुर्गला ग्रॉस आणि केम्फ यांनी ती वापरण्याजोगी केली. हाडाच्या आत लपलेल्या सळीच्या भोकात बाहेरून स्क्रू नेमका घालायचा म्हणजे ऑपरेशन चालू असताना एक्स-रे दिसायला हवा. त्यासाठी सी-आर्म. आज तालुक्याच्या गावातही 'इंटरलॉकिंग' हा शब्द लोकांच्या तोंडी आहे, तो हाच.

इथे स्वित्झर्लंडचं नाव घेतलंच पाहिजे. १९५८ मध्ये मॉरिस म्युलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'एओ' नावाचा गट स्थापन केला. फ्रॅक्चर जुळूनही माणसं सांधे आखडून कायमची कामातून जातात, हे त्यांना खुपत होतं. त्यांनी धातू, स्क्रू, हत्यारं यांचं प्रमाणीकरण केलं, आणि मला भावलेली गोष्ट म्हणजे प्रत्येक केस नोंदवली, पंचकार्डांवर. काय मोडलं होतं, काय बसवलं, पुढे काय झालं. यश आणि अपयश दोन्ही. आम्ही ऑफिसात ज्या बग ट्रॅकरवरून भांडतो, ते या लोकांनी हाडांसाठी पन्नासच्या दशकातच सुरू केलं होतं!

आत सळी घालणं शक्यच नसेल तर? जखम फार घाण असेल, हाडाचा तुकडाच गेला असेल? तेव्हा सुश्रुतासारखं पुन्हा बाहेर यावं लागतं. सायबेरियातल्या कुर्गान भागात गॅव्रिल इलिझारोव्ह यांनी १९५० च्या दशकापासून पायाभोवती धातूची कडी आणि हाडातून जाणाऱ्या ताणलेल्या तारा अशी रचना विकसित केली. तारांची कल्पना सायकलच्या आऱ्यांसारखी. हाड रोज थोडं थोडं, साधारण एक मिलिमीटर, ओढलं तर मधल्या फटीत नवं हाड तयार होतं हे त्यांनी दाखवलं. पश्चिमेला ते कळलं १९८० मध्ये, कार्लो माउरी या इटालियन गिर्यारोहकाची वर्षानुवर्षं न जुळलेली नडगी त्यांनी बरी केली तेव्हा. आपल्या मुंबईत डॉ. बी. बी. जोशी यांनी पिना आणि दांड्यांची अशीच सुटसुटीत, हलकी चौकट तयार केली. 'जोशीज एक्स्टर्नल स्टॅबिलायझेशन सिस्टिम', म्हणजे 'जेस'. हात आणि लहान मुलांची वाकडी पावलं यांच्यासाठी ती विशेष वापरली जाते. कुणाच्या हातापायाला बाहेरून पिनांची चौकट दिसली तर एकदा विचारून बघा, जेस असण्याची बरीच शक्यता आहे.

आणि पाय ठेवायचा की कापायचा, हा पॉटच्या घरातला प्रश्न? तो अजून संपलेला नाही, पण आता तो नशिबावर सोडत नाहीत. १९७६ मध्ये गस्टिलो आणि अँडरसन यांनी १०२५ उघड्या फ्रॅक्चर्सचा अभ्यास करून जखमेच्या तीन श्रेणी पाडल्या. पुढे कोइमतूरच्या गंगा हॉस्पिटलनं खास नडगीच्या अतिगंभीर उघड्या फ्रॅक्चर्ससाठी एक गुणपद्धती तयार केली आणि २००६ मध्ये प्रसिद्ध केली. कातडी, हाड आणि स्नायू यांना एक ते पाच गुण, शिवाय रोग्याच्या इतर आजारांचे आणि परिस्थितीचे वेगळे. १४ पर्यंत असेल तर पाय वाचवायचा प्रयत्न करा, १७ किंवा त्याहून जास्त असेल तर कापणं बरं, मधे असेल तर अनुभवी डॉक्टरांनी केस बघून ठरवायचं. आपल्या रस्त्यांवरच्या अपघातांतून तयार झालेलं हे कोष्टक आता जगभर वापरतात. अभिमान वाटावा की रस्त्यांची लाज, हे ज्यानं त्यानं ठरवावं.

आता चौथ्या स्क्रूची गोष्ट. ऑपरेशननंतर काका वॉकर घेऊन चालायला लागले. पण चार महिने झाले तरी एक्स-रेत फट दिसत होती. डॉक्टरांनी दोन गोष्टी सांगितल्या. पहिली, तंबाखू बंद, कारण तिनं रक्तवाहिन्या आकसतात आणि हाड जुळायला उशीर होतो. दुसरी, वरचा एक स्क्रू काढू. काकांना वाटलं, डोकं फिरलंय याचं, हाड जुळत नाही आणि हा स्क्रू काढतोय! पण कारण साधं आहे. चारही स्क्रू घट्ट असले की चालताना सगळा भार सळीवरून जातो आणि हाडाला कामच उरत नाही. ज्या हाडावर भार पडतो ते बळकट होतं हे युलियस वोल्फ या जर्मन सर्जननं १८९२ मध्येच लिहून ठेवलंय. वरचा एक स्क्रू काढला आणि लांबट भोकातला दुसरा ठेवला, की पाऊल टाकताना हाडाची दोन टोकं एकमेकांवर हलकी दाबली जातात. तो दाबच त्याला जुळायला सांगतो. काकांनी डोकं हलवलं : "म्हणजे पाटे फार टाईट झाले की गाडी आदळते, तसं." अगदी तसं.

आणि हा भार सळीनं कायम सोसायचाच नाहीये. दिवसाला दोन हजार पावलं म्हटली तर एका पायावर हजार. शंभर दिवसांत एक लाख वेळा सळी वाकते आणि सरळ होते. हाड जुळलंच नाही तर कधी ना कधी धातू थकतो आणि सळी किंवा स्क्रू तुटतो. म्हणजे ही शर्यत आहे : आधी हाड जुळतं की आधी धातू मोडतो. सळी हाड जोडत नाही. ती फक्त वेळ मिळवून देते. जोडतं हाडच. सुश्रुत, लिस्टर, क्युंचर, सगळ्यांनी केलं ते एवढंच : हाडाला त्याचं काम करू दिलं. बदल झाला तो माणसाच्या बाजूनं. पूर्वी त्यासाठी माणसाला फळीवर पडून राहावं लागायचं, आता तो दुसऱ्या दिवशी गुडघा वाकवतो. सर्व्हर बंद न करता दुरुस्ती म्हणतात ती हीच.

पण हे सगळं वाचताना मला राहून राहून आठवत होती ती क्रेटची फळी आणि तो गमछा. पॉटच्या दरवाज्याचा हा आपला अवतार. त्या लोकांनी काकांना हातापायांना धरून नुसतं उचललं असतं, तर हाडाच्या टोकानं आतली रक्तवाहिनी फाडली असती. आणि पेणच्या डॉक्टरांनी तिथल्या तिथे दिलेलं प्रतिजैविक. उघड्या फ्रॅक्चरला सहा तासांत ऑपरेशन असा पूर्वी नियमच होता. नंतरच्या अभ्यासांनी तासांच्या काट्यापेक्षा प्रतिजैविक किती लवकर मिळालं आणि सफाई किती नीट झाली याला जास्त महत्त्व दिलं. म्हणजे पायाचं भवितव्य बरंचसं सळी बसायच्या आधीच ठरतं.

या बाबतीत आपल्याकडे काही चांगल्या गोष्टी झाल्यात. सरकारी आरोग्य योजना २ जुलै २०१२ ला पहिल्यांदा ज्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली त्यात रायगड होता. तीच आजची महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना. २०१४ मध्ये १०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिका आल्या. अपघातग्रस्ताला मदत करणाऱ्याला पोलीस किंवा रुग्णालयानं अडकवू नये, असा संरक्षणाचा नियम सर्वोच्च न्यायालयानं २०१६ मध्ये पक्का केला, आणि २०१९ च्या मोटार वाहन कायद्यातल्या दुरुस्तीनं तो कायद्यात आला. तेव्हा "नसती भानगड कशाला" म्हणून पुढे जायचं कारण आता उरलेलं नाही. पाय मोडलेला माणूस दिसला तर एवढंच करा : १०८ लावा, जखमेवर स्वच्छ कापड ठेवा, बाहेर आलेलं हाड आत ढकलू नका, पाय आहे तसा फळीला बांधा, फार घट्ट नको. शेवटचं सुश्रुतानंच सांगितलंय.

बाकी, सळी काढायची का? वाचलं त्यावरून उत्तर असं : मोठ्या माणसात त्रास नसेल तर काढायलाच हवी असं नाही. नडगीत सळी घातलेल्या बऱ्याच जणांना गुडघ्याच्या पुढे दुखतं, आणि काढल्यावर ते थांबेलच याची खात्री नसते. नेमका निर्णय काकांचे डॉक्टर तपासून देतील. मी हे सगळं घरी सांगितलं. काकू म्हणाल्या, "मग एवढे दिवस वाचलंस काय?" काका काही बोलले नाहीत. बाजारात जाऊन एक जाड पाट घेऊन आले. आता पूजा पाटावर बसून करतात, गुडघा टेकवत नाहीत.

एक्स-रेची पिशवी पुन्हा कपाटावर गेलीये. पुढच्या पाहुण्यापर्यंत.